सेस्ना १७२: चढाईत ऑइल टेम्परेचर २३६ फॅरनहाइट. मे महिना म्हणून सोडून द्यायचं का?

नभा_विदर्भ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे विमानं उडवणारे आहेत आणि ती दुरुस्त करणारेही आहेत, म्हणून इथेच विचारते.

मी विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकतेय, सध्या तास जमवणं चालू आहे. विमान सेस्ना १७२एस, पॅनेल जी१००० (काट्यांऐवजी पडद्यावर आकडे), इंजिन लायकोमिंग आयओ-३६०-एल२ए, १८० अश्वशक्ती. एप्रिल अर्धा सरला तसं आमच्या एका विमानात चढाईला ऑइल टेम्परेचर फार वर जायला लागलंय. उन्हाळ्यात सगळीच तापतात, पण हे जरा अतीच करतंय. लाल रेष, म्हणजे कमाल मर्यादा, २४५ फॅरनहाइटला आहे.

कालचे आकडे एसडी कार्डावरून काढलेत. जमिनीवर ४२ सेल्सिअस. रन-अप (उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन तपासणं) संपताना तेल १८८. चढाई १००० फुटांवरून, ७५ नॉट, फुल थ्रॉटल. ३००० फुटांना २१४, ४५०० ला २३०, आणि ५५०० ला लेव्हल केलं तेव्हा २३६. त्या वेळी तेलाचं प्रेशर ५८ पीएसआय. क्रूझमध्ये दहाएक मिनिटांनी २१७ वर येऊन थांबलं, प्रेशर ६४. निघताना डिपस्टिकवर साडेसहा क्वार्ट तेल होतं. त्याच दुपारी मैत्रिणीने दुसरं १७२ तेवढ्याच उंचीला नेलं, तिचं २२० च्या वर गेलं नाही.

इन्स्ट्रक्टर म्हणतात, "लाल झालं नाही ना? मग उड." सिनियर म्हणतो स्नॅग (विमानातल्या बिघाडाची नोंद) लिही. स्नॅग लिहिली की विमान हँगरात जातं आणि आमचे स्लॉट बोंबलतात, त्यामुळे जो तो पुढच्यावर ढकलतो.

प्रश्न दोनच. हे नॉर्मल आहे का? आणि वर असताना मी नेमकं काय करायचं?

ढगातली_मनी

तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत. "लाल झालं नाही ना, मग उड" हे वाक्य मात्र ब्रीफिंग रूममध्ये फ्रेम करून लावा.

घरचं_गॅरेज

विमानातलं कळत नाही, पण इंजिन ते इंजिनच. पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-३० टाकून बघा. माझ्या गाडीत उन्हाळ्यात फरक जाणवला.

जुना_एएमई

गॅरेजभाऊ, कोपरापासून हात जोडतो. असलं काही करू नका आणि कुणाला सांगूही नका. गाडीच्या तेलातल्या बऱ्याच अ‍ॅडिटिव्हांची जळल्यावर राख होते. ती ज्वलनकक्षात बसली की तापून लालबुंद होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. म्हणून विमानाच्या तेलात राख न सोडणारी अ‍ॅडिटिव्ह असतात. दुसरं म्हणजे शिसं. एव्हीगॅस १००एलएल मध्ये शिसं असतं, त्यातलं थोडं तेलात उतरतंच. पूर्ण सिंथेटिक तेल ते नीट धरून ठेवत नाही, गाळ होतो. एक पूर्ण सिंथेटिक विमान-तेल बाजारात येऊन १९९० च्या दशकात याच कारणाने परत गेलेलं आहे. आता मिळतं ते १५डब्ल्यू-५० अर्धसिंथेटिक. आणि इंजिन कंपनीच्या यादीत नसलेलं तेल टाकलं की ते विमान कागदावर उडण्यालायक राहत नाही, हा भाग वेगळाच.

नभाताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नाहीतर "खूप तापतंय" एवढ्यावर आम्ही काय निदान करणार. अजून चार गोष्टी सांगा. ५५०० ला चारही सिलिंडरांचं सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) किती होतं? तेल कोणत्या ग्रेडचं? उतरल्यावर पोटाखाली तेलाचा ओघळ नेहमीपेक्षा जास्त दिसतो का? चढाईत मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) कुठे होतं?

नभा_विदर्भ

सर, सीएचटी असं: १ नंबर ३८८, २ नंबर ३९५, ३ नंबर ४३१, ४ नंबर ४०२. तेल डब्ल्यू१००. पोट स्वच्छ असतं, ब्रीदरपाशी (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) थोडासा नेहमीचा डाग. मिक्श्चर ३००० पर्यंत फुल रिच (पेट्रोल जास्त), नंतर जास्तीत जास्त आरपीएम मिळेल तिथवर लीन (पेट्रोल कमी).

तर्कटराव

मला एक समजत नाही. कंपनीने लाल रेष आखून दिली, विमान विकलं, सरकारने प्रमाणपत्र दिलं. मग ते नागपुरात चालो की नॉर्वेत, तापमान रेषेच्या आत राहायलाच हवं. राहत नसेल तर डिझाइनमध्ये खोट आहे. उगाच पायलटच्या डोक्यावर का?

उजवी_सीट

तर्कटराव, प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्याच शिकवणाऱ्यांनाही माहीत नसतं. छोट्या विमानांच्या अमेरिकन प्रमाणीकरणात कूलिंगची चाचणी असते. पिढ्यान्‌पिढ्या तिचा नियम असा, की समुद्रसपाटीला किमान १०० फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसचा दिवस धरायचा आणि दर १००० फुटांना ३.६ फॅरनहाइट, म्हणजे २ सेल्सिअस कमी करत जायचं. प्रत्यक्ष चाचणी थंड दिवशी झाली तर जेवढा फरक तेवढे अंश तेलाच्या मोजलेल्या तापमानात मिळवायचे. बाहेर एक अंश जास्त, तेलात एक अंश जास्त, असा सरळ हिशोब.

आता नभाताईंच्या धावपट्टीला लावा. १००० फुटांना चाचणीचा दिवस भरतो ३६ सेल्सिअसचा. त्या उडाल्या ४२ मध्ये. फॅरनहाइटमध्ये ११ अंशांचा फरक. ज्या उन्हाची हमी कुणी दिलीच नव्हती त्या उन्हात आपण उडतोय. ४५-४६ च्या दिवशी तर विचारूच नका. डिझाइनमध्ये खोट नाही, पण लाल रेषेच्या आत राहण्याची हमीही नाही. मे महिन्यातल्या विदर्भात ती पायलटनेच सांभाळायची.

तर्कटराव

हे माहीत नव्हतं. मान्य. पण मग याच हिशोबाने २३६ हे "उन्हामुळे" म्हणून सोडून द्यायला हवं, नाही का?

उजवी_सीट

नाही, आणि गंमत तिथेच आहे. मे महिन्यातल्या दुपारी हवा कोरडी आणि ढवळलेली असते, उंचीबरोबर ती दर १००० फुटांना जवळजवळ ३ सेल्सिअसने गार होते. ५५०० फुटांपर्यंत पोचेतो ४२ चे साधारण २८-२९ झालेले असतात. चाचणीचा दिवस त्या उंचीला २७ चा. म्हणजे वर गेल्यावर ११ अंशांची तूट जेमतेम ३-४ फॅरनहाइटवर येते. तरी तेल चढतच राहिलं. शिवाय मैत्रिणीचं विमान २२०. ऊन दोघींना सारखंच होतं. वरचे १६ अंश उन्हाचे नाहीत, त्या विमानाचे आहेत. स्नॅग लिहा.

जुना_एएमई

उजवी सीट यांनी माझं निम्मं काम केलं. राहिलेलं मी करतो, थोडं लांबेल.

ऑइल टेम्परेचरचा सेन्सर बसतो तिथे तेल कूलरमधून येऊन परत इंजिनात शिरायच्या बेतात असतं. म्हणजे पडद्यावर दिसतं ते निवलेल्या तेलाचं तापमान. बेअरिंगमधून, पिस्टनच्या तळाला लागून पडणारं तेल त्याहून बरंच गरम असतं, साधारण ५० फॅरनहाइटने जास्त धरा. म्हणून २४५ ही रेष वाटते तेवढी ढिली नाही.

आता वाट बघा. तेल गार असताना व्हर्नाथर्म (तेलाच्या तापमानावर चालणारा व्हॉल्व्ह) उघडा असतो, तेल कूलरला वळसा घालून सरळ इंजिनात जातं. साधारण १८५ फॅरनहाइटला तो लांब होऊन आपली सीट बंद करतो, मग सगळं तेल कूलरमधूनच जातं. सीट झिजली किंवा तिथे कार्बनचा कण अडकला की थोडं तेल न निवताच मधल्या वाटेने निसटतं. कूलर नवाकोरा असला तरी उपयोग नाही.

दुसरी बाजू हवेची. सिलिंडरांच्या वरच्या अंगाला दाबाची हवा, खालच्या अंगाला कमी दाब, आणि मधे पत्र्याची बॅफल. बॅफलच्या कडेला सिलिकॉन रबराची पट्टी असते, ती काउलिंगला (इंजिनावरचं आवरण) आतून चिकटून बसली पाहिजे. पाटाला भगदाड पडलं की पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तसं ही पट्टी जिथे दुमडते तिथून हवा फुकट निघून जाते आणि फिन्समधून, कूलरमधून जायला उरत नाही.

तेलाचं तापमान कधीही एकटं वाचायचं नाही ते यासाठी. सीएचटी चारही नॉर्मल आणि तेल गरम, तर संशय तेलाच्या वाटेवर: कूलर, व्हर्नाथर्म, किंवा सेन्सरच खोटं बोलतोय. चारही सीएचटी वर आणि तेलही वर, तर हवा, मिक्श्चर किंवा मॅग्नेटोचं टायमिंग. तेल वर, प्रेशर खाली, पोट तेलकट, तर रिंगांमधून जळका वायू क्रँककेसमध्ये उतरतोय का ते बघा. तो वायू तेल तापवतो आणि ब्रीदरवाटे तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी कॉम्प्रेशन टेस्ट करायची आणि ऑइल फिल्टर कापून धातूचे कण आहेत का ते पाहायचं.

तुमच्यात ३ नंबर एकटा ४३१ ला आहे. सीएचटीची लाल रेष ५००, पण सिलिंडर टिकवायचा तर सतत ४०० च्या वर ठेवू नये. लायकोमिंगमध्ये ३ नंबर म्हणजे उजवीकडचा मागचा. माझा पहिला संशय त्या कोपऱ्यातल्या बॅफलवर. काउलिंग उघडली की पट्टीवर बोट फिरवा. आणि काउलिंगच्या आतल्या रंगावर बघा, जिथे रबर घासतं तिथे काळी रेघ उमटलेली असते. रेघ जिथे तुटली तिथे हवा गळतेय. याला कसलंही उपकरण लागत नाही.

एकशेबावन्न

+१. आमच्याकडे एका विमानात साळुंक्यांनी काउलिंगमध्ये घरटं केलं होतं. दोन दिवस विमान उभं होतं तेवढ्यात. काड्या, सुतळीचे तुकडे, पिसं, सगळं कूलरच्या तोंडाशी. प्री-फ्लाइटला समोरून टॉर्च मारून बघायचं, नुसता हात फिरवून पुढे जायचं नाही.

नभा_विदर्भ

स्नॅग लिहिली. इन्स्ट्रक्टरांच्या कपाळावर आठी, सिनियरच्या चेहऱ्यावर हसू. एएमई साहेब (विमान दुरुस्तीचे परवानाधारक इंजिनियर) परवा काउलिंग उघडणार आहेत. तोवर दुसऱ्या विमानात उडतेय, पण तेही उन्हात २२० ला जातंच. वर असताना काय करायचं ते कुणीतरी सांगा ना. चेकलिस्टमध्ये एका ओळीत उरकलंय.

उजवी_सीट

सांगतो. सुरुवात जमिनीवर होते. रन-अप करताना नाक वाऱ्याकडे ठेवा. उभ्या विमानात पंख्याची हवा फार थोडी आत जाते, पाठीमागून वारा असला तर तीही नाही. टेक-ऑफला तुमच्या पुढे तीन विमानं आहेत असं दिसलं तर इंजिन चालू करण्याआधी दोन मिनिटं थांबा. १८८ ने निघालेलं आणि २१० ने निघालेलं विमान ५००० फुटांवर एकाच जागी नसतात.

चढाईत तुमच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेग. १७२एस चा सर्वोत्तम चढाईचा वेग समुद्रसपाटीला ७४ नॉट, आणि शिकणारे सगळे तोच धरून बसतात, कारण परीक्षेत तोच विचारतात. पण मॅन्युअलमध्ये नेहमीच्या चढाईसाठी ७५ ते ८५ दिलेत. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ७५ चे ८५ केलेत की २८ टक्के जास्त. चढाईचा दर मिनिटाला शंभरेक फुटांनी कमी होईल. अडथळ्यांच्या वर आलात की नाक खाली करा आणि ८५ धरा. समोरचंही जास्त दिसतं.

मिक्श्चर. ३००० च्या वर लीन करा हे बरोबर, पण कमाल आरपीएमपर्यंत ओढून मग थोडं रिचकडे सोडा. उन्हाळ्यात त्या जास्तीच्या पेट्रोलने सीएचटी खाली राहतं. काटकसर क्रूझमध्ये करा.

तरीही चढत असेल तर टप्प्याटप्प्याने जा: लेव्हल करा, वेग वाढू द्या, आकडा उतरू द्या, मग पुढचे हजार फूट. १७२ ला काउल फ्लॅप (इंजिनातून जास्त हवा जाऊ देणाऱ्या झडपा) नाहीत. १८२ वाल्यांना आहेत, त्यांनी चढाईत ते उघडे आहेत ना हे बघावं (बंद ठेवून चढणारे खूप).

एक गोष्ट विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागतो. सीएचटी लगेच हलतं, तेल हलत नाही. सहा-सात क्वार्ट तेल आणि सगळं इंजिन निवायला वेळ लागतो. नाक खाली केल्यावर सीएचटी मिनिटभरात उतरायला लागेल, तेलाचा आकडा आणखी काही मिनिटं तिथेच असेल, कदाचित दोन अंश वरही जाईल. तेवढ्यात घाबरून तीन वेगवेगळे उपाय करू नका. आणि उलटही खरं. तेल २३० ला पोचल्यावर जागे झालात तर उशीर झाला. २१० ला असताना दर मिनिटाला किती वाढतंय ते बघा.

ढगातली_मनी

आणि लाल झालंच तर?

उजवी_सीट

नाक खाली, पॉवर कमी, मिक्श्चर रिच, तोंड एअरफील्डकडे. मग प्रेशर बघा. सगळा निर्णय प्रेशरवर आहे.

प्रेशर ५० ते ९० च्या हिरव्या पट्ट्यात असेल तर शांतपणे जवळच्या धावपट्टीवर जा आणि एएमईला दाखवा. प्रेशर कमी दिसतंय पण टेम्परेचर नॉर्मल आहे, तर बहुधा सेन्सर किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. तरी उतरायचंच, पण लगेच शेत शोधायची वेळ नाही. प्रेशर पडतंय आणि टेम्परेचर चढतंय, दोन्ही एकदम, तर इंजिन बंद पडायच्या बेतात आहे असं धरा. मॅन्युअल स्पष्ट सांगतं: पॉवर ताबडतोब कमी, फोर्स्ड लँडिंगसाठी जागा निवडा, तिथे पोचायला लागेल तेवढीच पॉवर वापरा. विमानतळ "जवळच तर आहे" म्हणून फुल पॉवरने पळायचं नाही. २० पीएसआयच्या खाली त्या इंजिनाला भविष्य नाही.

बर्फाळ_मिनेसोटा

धागा वाचून हेवा वाटला, आमची रड बरोबर उलटी आहे. मूळचा सोलापूरचा, आता मिनेसोटात एका क्लबच्या १७२ वर उडतो. जानेवारीत इथे तेल तापतच नाही. पूर्ण फ्लाइट १४०-१५० फॅरनहाइटवर.

आणि ते वाईट असतं हे इकडे आल्यावर कळलं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, त्यातलं थोडं वाफ होऊन क्रँककेसमध्ये शिरतं. तेल १६५ ते २०० मध्ये राहिलं तर ते पाणी उडून ब्रीदरवाटे बाहेर जातं. नाही राहिलं तर तेलातच मुरतं आणि ज्वलनातल्या बाकी गोष्टींबरोबर आम्ल तयार करतं. लायकोमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकच्या वरच्या अंगाला असतो. विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि कॅम कोरडा पडतो. मग गंज, मग लोब झिजणं, मग भलंमोठं बिल. "आठवड्यात उडालो नाही, चला जरा जमिनीवरच पंधरा मिनिटं चालवू" असं करणारे लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. जमिनीवर तेल तेवढं तापत नाही, पाणी मात्र नव्याने भरतं.

थंडीतला नियम: उणे ७ सेल्सिअसच्या खाली प्री-हीट. आमच्याकडे विजेवर चालणारे हीटर इंजिनला कायमचे लावलेले असतात, आदल्या रात्री प्लग लावून जायचं. त्याच उणे ७ च्या खाली काउलिंगच्या पुढच्या भोकांवर कंपनीची झाकणं बसतात.

एक विचित्र प्रकार सांगतो, जुना_एएमई दुजोरा देतील. कडाक्याच्या थंडीत कूलरमधलं तेल इतकं घट्ट होतं की आतून वाहतच नाही. इंजिनचं तेल मग कूलर टाळून फिरतं आणि ऑइल टेम्परेचर वर जातं! बाहेर उणे २५ आणि पडद्यावर तेल गरम. तिथे कूलरला आणखी हवा दिलीत तर आणखी बिघडतं. कूलर झाकावा लागतो.

जुना_एएमई

दुजोरा. आमच्या लायसन्सच्या परीक्षेत हा लाडका प्रश्न. निम्मे चुकतात.

तर्कटराव

म्हणजे थंडीने तेल गरम होतं. आज घरी हे सांगितलं तर माझी रवानगी डॉक्टरकडे.

निळी_बेरे

एनसीसी एअर विंगमधून. आम्ही व्हायरस एसडब्ल्यू ८० या छोट्या विमानावर उडलो, इंजिन रोटॅक्स ९१२. वरचे आकडे त्याला लावू नका, ते वेगळंच प्रकरण आहे. सिलिंडर हेड पाण्याने गार होतात, तेलाची टाकी वेगळी. सगळं सेल्सिअसमध्ये. ५० झाल्याशिवाय फुल पॉवर नाही. आधी २००० आरपीएमवर दोन मिनिटं, मग २५०० वर तापू द्यायचं. उडताना ९० ते ११० उत्तम, आणि पाणी उडून जायला दिवसातून एकदा तरी १०० गाठलं पाहिजे.

डिपस्टिक बघण्याआधी स्विच बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवायचा, फक्त त्याच्या फिरण्याच्या दिशेने. टाकीत गुडगुड आवाज आला की तेल परत आलं, मग मोजायचं. त्याआधी मोजलं तर कमी दिसतं, आणि नवखे उत्साहाने वरून ओततात.

नभा_विदर्भ

अपडेट! काल काउलिंग उघडली तेव्हा मी हँगरातच होते. एएमई साहेबांनी हात लावू दिला.

उजव्या बाजूचा मागचा कोपरा. रबराची पट्टी वितीएवढ्या लांबीत मागे दुमडलेली. वर उभी राहून काउलिंगला टेकायची ती खाली लोळत होती. तिच्यावर बोट फिरवलं तर कडक, कडेला बारीक भेगा. काउलिंगच्या आत काळी रेघ बरोबर तेवढ्या जागी तुटलेली. जुना_एएमई सर, तुम्ही कॅमेरा लावून बसला होतात का?

कूलरच्या फिन्समध्ये धूळ आणि तेलाचा लेप, त्यात किडे. पाठीमागून टॉर्च धरला तर एका कडेने उजेडच येत नव्हता. साहेबांनी व्हर्नाथर्मही काढला, गरम पाण्यात थर्मामीटरसोबत सोडला. १८५ येईपर्यंत डोळ्यांदेखत लांब झाला, सीटही चांगली होती, तो निर्दोष. सेन्सर उकळत्या पाण्यात धरला तेव्हा पडद्यावर २०९ आला. मी म्हटलं चुकतोय, २१२ पाहिजे. ते हसले, म्हणाले आपण १००० फुटांवर आहोत, पाणी इथे २१० लाच उकळतं, सेन्सर ठीक आहे.

पट्टी बदलली, कूलर धुतला. आज दुपारी ४१ मध्ये त्याच पद्धतीने नेलं. ७५ नॉटला ५५०० वर २२३, ३ नंबर ४०४. मग खाली येऊन पुन्हा ८५ ने चढले: २१४, आणि चारही सीएचटी ४०० च्या आत.

घरचं_गॅरेज

म्हणजे तेल बदललंच नाही?

नभा_विदर्भ

नाही काका. डब्ल्यू१०० च आहे.

जुना_एएमई

वा. पट्टी बदलल्याची नोंद लॉगबुकात झाली ना, तेवढं बघा. नवी पट्टी पहिल्या काही तासांत पुन्हा दुमडू शकते, विशेषतः काउलिंग घाईने बसवली तर. वरचं काउलिंग बसवताना एकाने पुढच्या भोकातून आत बघायचं, पट्टी वर-पुढे वळलीय की मागे पडलीय. दोन माणसांचं काम आहे, एकट्याने केलं की हमखास दुमडते.

तेलाच्या ग्रेडबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो. डब्ल्यू१०० म्हणजे एसएई ५०, कंपनीच्या तक्त्यात ते बाहेरचं तापमान ६० फॅरनहाइटच्या वर असताना चालतं. ८० च्या वर एसएई ६०, म्हणजे डब्ल्यू१२०, चालतं. बहुग्रेड तेल सगळ्याला चालतं. मे महिन्यात १०५ फॅरनहाइटला आपल्याकडे डब्ल्यू१०० तक्त्यात बसतं, पण डब्ल्यू१२० किंवा बहुग्रेडचाही विचार करता येईल. जाड तेलाने टेम्परेचर उतरेल अशी आशा धरू नका, पण गरम असताना प्रेशर चांगलं राहतं. तुमचं ५८ आलं ते त्यामुळेही असेल. पुढच्या ५० तासांच्या ऑइल चेंजला साहेबांकडे विषय काढा.

नभा_विदर्भ

काढते. आणि एक शेवटचं. डिसेंबरात सकाळी सहाच्या सर्किटला (धावपट्टीभोवतीची छोटी फेरी) याच विमानात तेल १५५-१६० च्या वर जात नव्हतं, माझ्या जुन्या लॉगमध्ये दिसतंय. मिनेसोटाकरांसारखं झाकण लावायचं का?

जुना_एएमई

कंपनीचं झाकण अजिबात नाही. ते उणे ७ च्या खालचं आहे. नागपूरच्या थंडीत सकाळी १० अंश असतात, दुपारी ३० होतात, आणि दुपारच्या बॅचला ते काढायला कुणीतरी विसरणारच. सर्किट लहान असतात, पॉवर सारखी कमी-जास्त होते, म्हणून तेल तापत नाही. दोन सर्किटच्या सेशनऐवजी सकाळची पहिली फ्लाइट तासभराची क्रॉस-कंट्री किंवा जनरल फ्लाइंगची ठेवायला सांगा, तेल आपोआप १८० ला जाईल. तरीही १६५ च्या खाली राहिलं तर व्हर्नाथर्म पुन्हा बघायचा. या वेळी तो वेळेआधी बंद होतोय का, हे.

उजवी_सीट

रोस्टर बनवणाऱ्याला मी सांगून पाहतो. नभाताई, डिसेंबरच्या त्या लॉगमधले सीएचटीही टाका इथे. ३ नंबर तेव्हाही बाकीच्यांपेक्षा वर असेल तर पट्टी उन्हाळ्यात नाही, आधीच दुमडली होती.

नभा_विदर्भ

बघितलं. डिसेंबरात ३ नंबर ३४०, बाकीचे ३३५ ते ३४५. फेब्रुवारीच्या १०० तासांच्या इन्स्पेक्शननंतर ३ नंबर एकदम ३७५, बाकीचे तिथेच.

जुना_एएमई

म्हणजे इन्स्पेक्शनला काउलिंग काढली आणि बसवताना दुमडली. आता तो लॉग छापून तुमच्या एएमई साहेबांना द्या. भांडायला नाही, पुढच्या वेळी दोन माणसं लावायला.